दोनशे छत्तीस

नौशाद परकार फोन करत नाही, थेट अंगणात येतो,
हर्णैच्या लिलावावरून परतताना,
पिशवीत बांगडे, काखेत फाईल.
"मॅडम, एकोणीस तारखेला विमा संपतोय.
यंदा हप्ता चढलाय. पण बसा, उतरवू."

उतरवू म्हणाला ते माडावरचे नारळ उतरवतात तसं,
एकेक, खाली कुणी उभं नाही ना बघून.

आधी झिरो डेप गेलं. गाडी आठ वर्षांची,
दाराखालचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने चाळण केलेला.
"ह्याला कसलं झिरो, हा आधीच शून्याकडे निघालाय."
मग रस्त्यावरची मदत गेली.
आंजर्ल्याच्या चढावर बंद पडले तर
कंपनीचा माणूस पोचायच्या आत
चार पोरं ढकलून, हात पुसून मोकळी.
इंजिनाचं कवच मात्र त्याने काढू दिलं नाही.
"उधाणाला बंदराच्या रस्त्यावर पाणी कुठवर येतं
ते ऑफिसातल्या साहेबाला काय माहीत? हे राहू द्या."

होळीच्या सुमारास बॉनेटवर नारळ पडला होता.
जहाजावरून ह्यांचा निरोप आला, काही मागू नकोस, बोनस जाईल.
नऊशे रुपयांत ठोकून घेतलं.
अजून तिथे वाटीभर पाणी साचतं,
साळुंकी येऊन पिऊन जाते.
चार वर्षं काही मागितलं नाही म्हणून
पंचेचाळीस टक्के सूट.
माझ्या न मागण्याला पहिल्यांदाच कुणी
आकडा लावला,
आणि छापून दिला.

"आता शेवटचं. पाच हजार किलोमीटरच्या आत
वर्ष बसवलंत, तर अजून सुटेल."
मी वहीचं मागचं पान उघडलं.

शाळा, जाऊन-येऊन सहा, दोनशे वीस दिवस: तेराशे वीस.
दापोलीचा बाजार, आठवड्याला बत्तीस: सोळाशे चौसष्ट.
खेड स्टेशन, लेकीला आणणं-सोडणं, सहा खेपा: पाचशे चाळीस.
गुडघ्याचा डॉक्टर, चिपळूण, चारदा: सहाशे चाळीस.
गणपती, लग्नं, मयतं, धरा सहाशे.

चार हजार सातशे चौसष्ट.

"बसलं की!" नौशादने पेनाचं टोपण लावलं.
मी पुन्हा बेरीज केली. दरसाल बसत नाही ते
यंदा कसं बसलं?
मग दिसलं.
दर महिन्याला केळशी, पन्नास किलोमीटर,
ती ओळच नव्हती.
आई आषाढात गेली.
सहाशे वाचले.

नौशादलाही उमगलं असावं. त्याने पिशवी उघडली,
चार बांगडे ताटलीत ठेवले,
म्हणाला, "ताजे आहेत, आजच करा,"
आणि सही घ्यायला विसरून फाटकापर्यंत गेला.

एकूण तेवीसशे रुपये उतरले.
आणि वर दोनशे छत्तीस किलोमीटर उरले,
कुठल्याच कामाचे नसलेले.
अख्ख्या वर्षात माझे म्हणावेत असे एवढेच.
चार दिवस मी त्यांना हातही लावला नाही.

पाचव्या दिवशी, रविवारी, दाभोळला गेले.
कुणाकडे नाही, नुसती गेले.
जेट्टीवर पोराने शिट्टी मारली, या, या, अजून या, बस,
गाडी फेरीबोटीत चढवली,
हँडब्रेक ओढला, इंजिन बंद.
पुढे टेम्पोत कलिंगडं, शेजारी मोटरसायकलवर
एक मुलगी तोंडाला ओढणी बांधून.
खाडी मागे सरकू लागली.
धोपावं जवळ आलं, आधी झाडं, मग माणसं.

किल्ली अर्धी फिरवून मी मीटर पाहिलं.
गाडी चालली होती, मी चालले होते,
आकडा जागचा हलला नव्हता.

नौशादला विचारायला हवं,
पाण्यावरचं धरतात का.

नको.
विचारलं की मोजतात.