कशावरून

अकरा नंबरची शाळेची बस मी चोवीस वर्षं चालवते,
मिनेसोटात, जिथं जानेवारीत डिझेलसुद्धा गोठतं
आणि पोरं तोंडातून वाफ सोडत चढतात, छोटी छोटी इंजिनं.
कुठलं पोर कुठल्या दाराशी उतरतं, तोंडपाठ.
कुठलं शुक्रवारी दुसऱ्याच दाराशी, तेही.

साठीला आले आणि हे खूळ लागलं.
"मेलेली माणसं बिलं फेडत नाहीत," नवरा म्हणाला.
जिवंत तरी कुठं वेळेवर फेडतात.

मंडळाची अट: चार पिढ्या, एक प्रांत,
प्रत्येक वाक्याच्या पायाशी पुरावा.
मग लेखी, मग तोंडी.
मी तेलेमार्क घेतलं.
आईच्या सगळ्या गोष्टी नॉर्वेच्या त्या डोंगरांतून निघायच्या
आणि अर्ध्या वाटेत बर्फात रुतायच्या.

भांडी आवरली की पाद्र्यांचं अक्षर वाचत बसायचे.
एकाचं नुसतं काट्याकुट्यांचं.
एकानं देवीच्या साथीत एका पानावर सतरा पोरं लिहिली,
शेवटच्या नावाशी शाई फिकी होत गेलेली.
दौत भरायलाही तो उठला नसावा.
"नसावा" मंडळाला चालत नाही.

तिकडे आडनाव म्हणजे शेत.
माणूस रौस्तादहून क्वॉलेला राहायला गेला
की रौस्ताद तिथंच ठेवून जायचा,
खुंटीवरच्या जुन्या कोटासारखं.
मागून येणारा तो अंगात घालायचा.
कोट शोधत मी दोन हिवाळे घालवले. माणूस निसटत राहिला.

पहिला अहवाल परत आला.
पान एकतीस. समासात लाल शाईत एकच शब्द:
कशावरून?

वाक्य होतं: मूळ पुरुष ओलाव फ्योर्डात बुडाला,
मुलगा पोटात असताना.

कशावरून म्हणजे?
आईनं सांगितलं. आईला तिच्या आजीनं.
दर नाताळला खिडकीत त्याच्या नावाची मेणबत्ती लागायची.

मग सापडलं ते असं.
अठराशे चार. गुन्हिल्ड, रौस्तादची दूध काढणारी.
मुलगा हाल्वोर, अनौरस.
बापाच्या रकान्यात: ओलाव, शिपाई.
त्याच वर्षी, त्याच चर्चमध्ये, आणखी दोघींच्या पोरांना
हाच ओलाव.
शिपायाला पहिल्या चुकीचा दंड माफ होता, म्हणून पोरी शिपाई सांगत.
आणि तो? हजेरीपटावर तो तेव्हा पार दक्षिणेला, पहाऱ्यावर.
मेला एकाहत्तराव्या वर्षी. अंथरुणात. कोरडा.

रौस्तादचा मालक मात्र बाप्तिस्म्याला साक्षीदार.
गड्यांच्या पोरांसाठी तो एरवी चर्चच्या पुढच्या बाकावरून उठत नसे;
वीस वर्षांची पानं मी उलटून पाहिली.

तोंडी परीक्षेला समोर तिघं.
मधल्या बाईंनी चष्मा काढला:
"ओलाव नाही, मग कोण?"
नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं, गरम.
"सिद्ध होत नाही," मी म्हटलं.
चोवीस वर्षांत इतका करकचून ब्रेक
मी कधी दाबला नव्हता.

प्रमाणपत्र आलं. नवऱ्यानं फ्रेम लावली, किंचित वाकडी.

सोमवारी उणे सव्वीस.
माझ्या पाठीमागच्या सीटवर लिबान, वय आठ.
त्याच्या आजीनं सोमालियातून सामानात आणली होती
ती सगळी नावं त्यानं एका श्वासात म्हटली:
लिबान, गुलीद, सामतार, वार्समे, गेदी, रोबले, हिर्सी...
बावीस. मी आरशात मोजली.
एकही कागद नाही. एकही तळटीप नाही.
लाल शब्द माझ्या ओठांपर्यंत आला.
गिअर बदलला आणि गिळला.

"आता तुमची," तो म्हणाला.
तोरबोर्ग, मार्गितची.
मार्गित, क्नूटची. क्नूट, तार्येइचा. तार्येइ, हाल्वोरचा.
हाल्वोर, गुन्हिल्डचा.
"मग?"
मग शाळा आली.
दार उघडलं, थंडी आत आली,
तो उतरताना म्हणाला, "उद्या पुढची सांगा."