माप

डिचोलीच्या बाजारातल्या उतारावर
बाबाचं तावेर्न होतं. दोन बाकं, एक कपाट,
आणि काउंटरामागे माझ्यासाठी
पालथा घातलेला सोड्याचा क्रेट.
त्यावर उभी राहिले की हात बाटलीपर्यंत पोचत.
आठ वर्षांची होते. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचा,
"शेवंतीचा हात हलत नाही.
तिनं घातलेलं माप देवापुढे ठेवावं."

फेणी ग्लासात पडली की कडेला मोती धरत.
मोती टिकले तर माल खरा,
लगेच फुटले तर कुणीतरी त्यात विहीर मिसळलेली.
मी मोती मोजायची.
पाढे त्यानंतर आले.

खाणीवरचे लोक सहाला येत,
भुवयांवर तांबडी धूळ घेऊन.
सगुण टिप्परवाला सगळ्यांत शेवटी.
विडीचं बंडल काउंटरवर उभं करायचा,
चण्यांची पुडी सोडून
त्यातले चार मला वेचून द्यायचा,
आणि उठताना विचारायचा, "कितलें जालें गो, बाय?"
मी सांगायची.
"म्हज्या नांवार बरय."
मी लिहायची.
माझं अक्षर त्या वहीत वळणदार झालं.

बाबा स्वतः कधी प्यायला नाही.
विडी नाही, तपकीरसुद्धा नाही.
तरी शेवटची तीन वर्षं
तो भिंतीला टेकून, बसूनच झोपायचा.
एक्स-रे उजेडात धरून डॉक्टरांनी विचारलं,
"दिवसाला किती ओढता?"
बाबाला सांगता येईना.
ते बाकांवरच्या लोकांना विचारावं लागलं असतं,
आणि त्यातले बरेचसे आधीच गेलेले.

आता मी बांबोळीला, पुरुषांच्या वॉर्डात.
काल बेड अकरा.
नाव वाचलं तेव्हा कळलं, चेहऱ्यावरून नाही.
डोळ्यांत हळद, दंडांवर नुसती कातडी,
आणि पोट नऊ महिन्यांचं.
डॉक्टरांनी सुई घातली, नळी बाटलीत सोडली.
त्यांच्या कोटाला सिगारेटचा वास होता.
(शवागाराच्या मागे एक पायरी आहे,
सगळ्यांना ठाऊक आहे.)

पाणी येऊ लागलं, पिवळं, संथ.
बाटलीच्या कडेला मोती धरले.
टिकले.

मी वाकून रेघ बघत होते.
दीड लिटर. तीन. साडेचार.
हात हलला नाही.

सगुणनं मान वळवली.
मला ओळखून की नुसत्या सवयीनं, कोण जाणे.
"कितलें जालें गो, बाय?"
सांगितलं.
"म्हज्या नांवार बरय."
तक्त्यावर लिहिलं, तारीख, वेळ, आकडा.
अक्षर तेच.

वही अजून घरी आहे, पिठाच्या डब्यामागे.
कुणी वारलं की बाबा त्याच्या पानावर
तिरपी रेघ मारून लिहायचा, "चुकता."
पैसे क्वचितच आलेले असत.
रात्री सगुणचं पान काढलं.
एकशे बारा रुपये बाकी.
नवऱ्यानं गॅलरीतून आत येत विचारलं, काय शोधतेस?
त्याच्या तोंडात बडीशेप होती.
नेहमीपेक्षा जास्त.
काही नाही, म्हटलं.

आज ड्यूटीला जाताना
बसस्टँडवर चणे घेतले.
त्याला मीठ वर्ज्य आहे.
खारे नाहीत ना, असं
दोनदा विचारून घेतले.