डावा डोळा

शाल्मली हसायची तेव्हाही
डावा डोळा रडत असायचा.
सकाळी पापण्या चिपडांनी शिवलेल्या.
उकळून गार केलेलं पाणी, कापसाचा बोळा,
एकदाच फिरवायचा, टाकायचा, दुसरा घ्यायचा.
मग करंगळीनं नाकाच्या कडेनं खाली दाबायचं,
दिवसातून चारदा.
वर्षभर थांबा, म्हणाले, आपोआप उघडतं.
इचलकरंजीची आत्या म्हणाली, काजळ घाल.
बसमधल्या एका बाईनं टिशू पुढे केला,
बिचारी, का रडतेय?
रडत नाहीये, मोरी तुंबलीय तिची,
मी म्हणाले, मराठीतच.
बाईनं समजल्यासारखी मान हलवली.

वर्ष झालं. वर तीन महिने.
हल शहर, फेब्रुवारी, सकाळचे सात आणि अंधार,
हंबर नदीवरचं धुकं थेट पार्किंगपर्यंत.
रात्री दोननंतर दूध नाही,
माझा खांदा चोखून चोखून ओला केलेला तिनं.

इथं सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत.
मिस अडेबायोंनी फॉर्मच्या पाठीवर नाक काढलं.
ही दोन भोकं, टाचणीच्या टोकाएवढी,
ही नळी, आणि तळाशी हा पडदा,
जन्मताना फाटायचा, तो राहिला.
त्या प्रोब म्हणाल्या.
माझ्या डोक्यात त्याची सळई झाली.
सळईवर मी सही केली.

स्ट्रॉबेरीच्या वासाचा मास्क.
माझ्या मांडीवरच ती जड होत गेली.
डोळे मिटताना डावीकडून एक थेंब ओघळला,
नेहमीचाच. ते रडणं नव्हतं.
रडणं माझ्याकडे होतं, आणि ते येईना.

बाहेर वेंडिंग मशीनमध्ये
निनादचं चॉकलेट स्प्रिंगला अडकून लोंबत राहिलं.
त्यानं मशीनला थापटलं, हलवलं,
शेवटी पुन्हा एक पौंड घातला.
दोन पडली.
आम्ही दोघंही हसलो नाही.

मग नर्स आली: डोळ्यात घातलेला पिवळा रंग
नाकातून निघाला, म्हणजे वाट झाली.
आत ती किंचाळत होती,
शेंबूड हळदीसारखा, त्यात रक्ताची एक रेघ.
माझ्या स्वेटरच्या बाहीवर तो डाग अजून आहे.

गुरुवारी रिमोट काढून घेतला म्हणून
ती भोकाड पसरून रडली,
दोन्ही डोळ्यांनी सारखंच, नाकासकट.
आणि मी रिमोट हातात धरून
नुसती बघत राहिले.