चव

मुहर्रकच्या गल्लीत, ऑगस्टात, दुपारी दोनला
सलमीनच्या घरचा एसी गेला.
कपॅसिटर फुगला होता. नवा यायला तासभर.
म्हातारा म्हणाला, तोवर इथे उभा राहा,
आणि जिन्याजवळच्या एका चौकोनी अंधारात नेऊन
मला डोकं वर करायला लावलं.

वर आकाशाचे चार तुकडे.
मधे फुलीसारखी भिंत. जिकडून वारा येईल
तिकडचा तुकडा त्याला घशातून खाली ओढतो,
समोरचा घराचा शिळा श्वास वर सोडतो.
ना गॅस, ना पंखा, ना वॉरंटी.
एकवीस वर्षं मी थंडी विकतोय
आणि मानेवरचा घाम असा फुकट कधी सुकला नव्हता.

हात भिंतीला टेकला तर खरखरीत.
जवळून पाहिलं: मेंदूसारख्या घड्या, चाळणीची भोकं.
प्रवाळ. समुद्रातून पहारीने उचकटून, उन्हात वाळवून रचलेलं.
म्हणजे हे घर एके काळी जिवंत होतं
आणि त्यात मासे राहायचे,
भाडं न देता.

सलमीन हसला नाही. माझी हिंदी त्याला अर्धीच कळते.
त्याने माठ आणला. पाण्याचा नव्हे, वाजवायचा.
बाप त्याचा मोत्यांच्या नौकेवर गाणारा. बुडी माफ,
दोर ओढणाऱ्यांना सूर पुरवायचा एवढंच काम.
माठाच्या तोंडावर पंजा मारत
त्याने छातीच्या तळातून एक सूर काढला, इतका खालचा
की आधी तो मला तळपायांत ऐकू आला.
"देवमाशाकडून घेतलाय," म्हणाला.
शेजारचे म्हणतात, जिन्नांकडून.
मी मान डोलावली. आमच्या वेंगुर्ल्यातही
एका पखवाजवाल्याचा गुरू वडावर राहायचा.

आजोबांची गोष्ट मात्र त्याने माठ बाजूला ठेवून सांगितली.
नाकाला शिंगाचा चिमटा, पायाला दगड,
शिंपल्यांसाठी तर ते बुडायचेच,
पण कधी कधी नुसती कातडी पखाल घेऊन.
खाऱ्या समुद्राच्या तळाशी, वाळू फोडून
गोडं पाणी उसळायचं.
पखालीचं तोंड झऱ्यावर घट्ट दाबायचं, भरली की आवळायचं,
आणि छाती फुटायच्या आत वर.
चहूकडे खारं, काखेत पिण्याचं.
"आता?" मी विचारलं.
त्याने हात उलटा केला. काही सांडलं नाही.

मग फडताळातून पितळी चाळण्या निघाल्या, एकात एक सहा,
आणि एक वही. हिशेब रुपयांत,
माल मुंबईला जायचा.
एका रकान्यावर नख ठेवून म्हणाला, "चव."
मोत्याचं माप. वजनाला वजनाने गुणायचं,
नगांनी भागायचं, पुढे आणखी काही, ते तोही विसरलेला.
मी म्हटलं, आमच्याकडे चव जिभेवर असते.
त्याला ते फार आवडलं. दोनदा म्हणायला लावलं.
मग डोळे बारीक करून:
"गोड्या पाण्याची चव किती?"
"काहीच नाही," मी म्हटलं, "म्हणून तर गोडं."
बराच वेळ तो वहीकडे बघत राहिला.
रकाना रिकामा असल्यासारखा.

शिनोज कपॅसिटर घेऊन आला, हेल्मेट न काढता निघूनही गेला.
दहा मिनिटांचं काम. यंत्र घुमू लागलं.
मला वाटलं होतं, सलमीन म्हणेल राहू दे, वारा आहे.
त्याने लगेच सोळावर लावला,
मनोऱ्याच्या तोंडाशी पडदा ओढला.
"वारा पाहुण्यांना," म्हणाला. "झोपायला हा."

बिल सात दिनार. आठ दिले.

गल्लीत आलो. माझाच बाहेरचा डबा
प्रवाळात चार बोल्ट ठोकून बसवलेला,
आणि नळीतून पाणी ठिबकत होतं,
खारट दमट हवेतून पिळून काढलेलं.
खाली एक भुरं मांजर, कान पाडून, लपलप.
आजूबाजूला कुणी नव्हतं.
मी बोट धरलं, चाटलं.
थोडी धूळ. बाकी
काहीच नाही.