दोन ते चार

अशोक स्तंभामागच्या बोळात
वर माझा स्टुडिओ, खाली पिठाची गिरणी.
गिरणी चालू असली की फरशी थरथरते,
ट्रायपॉडचे तीन पाय तीन तऱ्हेचं बोलतात.
म्हणून नटांना मी वेळ देते दोन ते चार,
निमसेकाका जेवून पोत्यांवर आडवे होतात तेव्हा.

तेवढ्या दोन तासांत
कामगार नाट्यातले नायक,
स्पर्धेत फक्त दुसऱ्या अंकात येणाऱ्या बायका,
मुंबईला निघालेली कॉलेज रोडची पोरं
उत्तरेच्या खिडकीशी माझ्या स्टुलावर बसतात.
हनुवटी पुढं. आता थोडी खाली.
कासवासारखी मान काढा,
वाटतं विचित्र, दिसतं चांगलं.
दात नकोत, हसण्याचा विचार पुरे.
बारीक डोळा मी कॅमेऱ्याजवळ आणते, तो मोठा होतो.
गळ्याखालची घडी
मांडीवर थर्मोकोल धरायला लावून उजळून टाकते.
खोटं मी बोलत नाही.
उजेड कुठून यावा एवढंच ठरवते,
पाहुणे यायच्या आधी
आपण एखाद्या खोलीचं दार लोटून घेतो, तसं.

मार्चमध्ये त्र्यंबक पगार आले.
सातपूरला वाइंडिंग खात्यात सव्वीस वर्षं.
"आडनाव पगार. व्हीआरएसनंतर तेवढाच उरला."
हा विनोद त्यांनी जिन्यात केला, स्टुलावर पुन्हा.
कालिदासला तीनदा हवालदार, एकदा न्यायाधीश.
आता मालिकेत जायचं होतं.
केस काळे करून आलेले,
कानाच्या पाळीवर राहिलेला रंग मी ओल्या रुमालाने पुसला.
एकशे चाळीस फोटो काढले.
त्यातला एक असा उतरला
की स्वतःलाच ते क्षणभर "अहो" म्हणाले.
तो घरी मिक्सरच्या वर लागला, फ्रेममध्ये.

मुंबईहून निरोप आला:
गृहस्थ छान आहेत, पण आम्हाला आजोबा हवेत.

मग एप्रिलात ते आले साडेपाचला, न विचारता.
खाली कुणाची तरी ज्वारी चालली होती, चार पायली असेल,
जिना चढेपर्यंत पीठ बसलं
केसांवर, भुवयांवर, मिशीच्या टोकांवर.
दारात उभे राहिले, एक हात चौकटीला, धापा टाकत.
"ताई, जरा म्हातारा करून..."
हलू नका, मी म्हटलं.
हनुवटीचं काहीही करू नका.

थर्मोकोल भिंतीकडे तोंड करून ठेवला.
पश्चिमेची खिडकी उघडली,
तिथलं ऊन मी कधी कुणाला देत नाही.
ते त्यांच्या तोंडावर उतरलं
वाफ्यांत पाणी सोडल्यासारखं,
एक सुरकुती भरली की पुढची.
वीस वर्षं जे जे झाकायला शिकले
ते सगळं एका चेहऱ्यावर, आणि कुठेच वाईट नाही.
जातं घरघरत होतं. फोटो किंचित हलला.
मी तो पुन्हा काढला नाही.

स्क्रीनसमोर पगार बराच वेळ उभे.
चष्मा लावला. काढला.
"इतका नको हो. साधारण बासष्ट करा."
मग खिडकीशी जाऊन त्यांनी केस झटकले,
पीठ पडलं, काळा रंग वर आला,
म्हातारा मात्र जाईना.
दोन्ही हातांनी झटकत राहिले.
मी चहा टाकला.

निघताना खिशात हात घालून विचारलं,
"म्हाताऱ्याचे पैसे वेगळे का?"
म्हटलं, माझे नकोत,
पिठाचे निमसेकाकांना विचारा.

त्यांची पावलं जिन्यावरून उतरली, पांढरी,
एकेक पायरी सोडून गेल्यासारखी.
मी फाइलला नाव दिलं:
पगार, ज्वारी.