सूचना असल्यास

विद्यापीठातून आलेली ती पोरगी, ओवी खराडे,
आजारी माणसाशी बोलावं तशी हळू बोलत होती.
"मॅडम, पंचवीसच प्रश्न आहेत. नाव लिहायचं नाही.
कधीच नाही, कधीकधी, नेहमी.
एकावर टिक करा."

शिरोलीच्या फौंड्रीत, अकाउंट्सच्या टेबलावर
चलनांचा गठ्ठा सरकवून
जेवणाच्या सुट्टीत मी पेन उघडलं.
कागदावर साच्याची काळी वाळू बसलीच.
आमच्याकडं ती सगळ्यावर बसते,
भाकरीवरसुद्धा.

प्रश्न चार. घरकामात पतीची मदत होते का?
कधीकधी.
रविवारी मटण तोच आणतो, दुकानात उभं राहून, निवडून.
त्यानंतरचा रविवार
कुठल्या चौकटीत बसेना.

प्रश्न नऊ. पगारावर तुमचा हक्क आहे का?
'नेहमी'वर टेकवलेलं पेन उचललं.
कार्ड माझ्याच पर्समध्ये असतं.
पैसे काढल्याचा मेसेज
सुजयच्या मोबाईलवर वाजतो.

प्रश्न तेरा. विनाकारण रडू येतं का?
'विनाकारण'पाशी अडले.
कारण असतं की,
सांगावं एवढं मोठं नसतं, इतकंच.
परवा दुधाची पिशवी फुटली.
फरशी पुसत होते,
पुसून झाली तरी पुसत होते.
सासूबाई म्हणाल्या, "दुधासाठी रडतीस व्हय गं?"
म्हटलं, व्हय.

झोपेचे तीन प्रश्न होते. तिन्हीला एकच टिक,
न वाचता.

पंचविसांत हा एक नव्हता :
उसाच्या ट्रॉल्यांमागनं खुरडत
पूल, तावडे हॉटेल, कावळा नाका
सगळं ओलांडून आलेली बाई
फुलेवाडी एवढ्यावर आलेली असताना
रंकाळ्याच्या कठड्याला स्कूटी का लावते?
हेल्मेट काढत नाही. काच खालीच.
भेळवाला पहिले काही दिवस विचारायचा,
आता विचारत नाही.
तळ्याकडं बघते असंही नाही.
इंजिन गार होताना टिकटिक वाजतं
तेवढं ऐकते.
अकरा मिनिटं मी कुणाची कुणी नसते.

घरी सांगते, पुलावर ट्रॅफिक होतं.
सहा वर्षं झाली, पूल माझं झाकतोय.

काल जेवताना सुजय म्हणाला,
"पूल रुंद करणार आहेत म्हणे.
बरं होईल, लवकर येत जाशील."
प्रेमानंच म्हणाला. खोटं कशाला बोलू?
माझ्या हातातला घास
पुन्हा ताटात गेला.

शेवटच्या पानावर, तळाशी, दोन रिकाम्या ओळी.
सूचना असल्यास.
लिहिलं, पूल रुंद करू नये.

ओवीनं दोनदा वाचलं.
तिच्या बोटात साखरपुड्याची अंगठी,
अजून सैल, सारखी फिरवत होती.
"मॅडम, हे मानसिक आरोग्यात
कुठं बसवू मी?"

ते तू बघ, बाई.
माझा भोंगा झाला.