वर्णनात्मक नोंद

दिवाळीची सुटी संपून दहा दिवस झाले
आणि नोंदवहीत अजून एकोणीस रकाने कोरे.
केंद्रप्रमुख सोमवारी येणार.
बागूल सरांनी मोबाइलवर यादी पाठवली आहे,
दोनशे बारा तयार वाक्यं, विषयवार:
'वर्गात लक्षपूर्वक ऐकते.'
'परिसरातील घटकांविषयी जिज्ञासा दाखवतो.'
'सुधारणेस वाव आहे.'
मी 'तो'ची 'ती' करते, 'तो'ला 'ते'पणाने टाळते,
एकेका पोराच्या अंगात एकेक वाक्य चढवते,
गणवेश वाटतात तसं.
मापाचं असो, नसो.

हजेरी क्रमांक तेवीस.
रमिला ठाणसिंग वसावे, चौथी ब.
आकारिक साठपैकी पंचवीस,
संकलित चाळीसपैकी चौदा.
एकोणचाळीस. श्रेणी ड.
पालकसभेला कोणी आलं नाही,
म्हणून प्रगतीपुस्तक पिशवीत टाकून
शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मीच निघाले.

नंदुरबारच्या बाहेर, मिरचीच्या पथारीवर
जमीन दिसत नाही.
लाल, लाल, मग ताडपत्री, मग परत लाल.
रुमाल नाकाला लावून मी उभी,
आणि समोर पन्नासेक बाया उघड्या नाकानं
देठ खुडत बसलेल्या.
त्यातली जेमाबाई उठली.
पदराला हात पुसले, दोनदा, तरी पुस्तकाला हात लावेना.
"तुम्हीच वाचा. मना हात तिखट शेत."

मी वाचलं.
भाषा: सुधारणेस वाव आहे.
गणित: सुधारणेस वाव आहे.
"वाव म्हंजे काय, बाई?"
म्हटलं, जागा.
तिनं पथारीभर नजर फिरवली,
जागा नेमकी कुठे आहे ते शोधल्यासारखी.
"ते ऱ्हाऊ द्या. तिले काय येस,
काय येत नही, इतलंच सांगा."

बावीस वर्षं झाली नोकरीला.
अ-एक पासून इ-दोन पर्यंत सगळ्या श्रेण्या
झोपेत सांगेन.
आणि मला आठवावं लागलं
ती कुठे बसते.

खिडकीजवळ. फुटक्या फरशीवर.
"ती ळ उलटा काढते," मी म्हटलं.
जेमाबाई हसली, तशी मी पुढे बोलत सुटले:
वाचताना बोट ठेवते, बोट उचललं की ओळ हरवते.
कविता मात्र पुस्तक मिटून म्हणते.
दुसऱ्याची पाटी पुसून देते, स्वतःची नाही.
बेरीज येते, पण हातचा विसरते.
"हातचा?"
मी वाळूत दाखवलं. आठ आणि सात, पंधरा,
पाच खाली, एक हातात.
तिनं नीट पाहिलं.
"हातचा ते मुकादमजोडेच ऱ्हास, बाई,"
म्हणाली, आणि शेजारच्या दोघी
मान वर न करता हसल्या.

शाईचा पॅड मी मुद्दाम नेला होता. तो पिशवीतच राहिला.
बचत गटात ती सही शिकली आहे.
'जे' काढून थांबली, श्वास घेतला,
मग 'मा', इतका दाबून
की मागच्या पानावर, वार्षिक परीक्षेच्या कोऱ्या चौकटीत
तो उलटा उमटला.

सोमवारी केंद्रप्रमुखांनी वही उघडली
आणि शिंकले. पुन्हा शिंकले.
प्रगतीपुस्तक वहीत ठेवायला नको होतं.
डोळे पुसत त्यांनी तेविसावा रकाना वाचला,
'हातचा विसरते. ळ उलटा काढते. कविता मिटून म्हणते.'
"हे यादीत कुठे आहे, बाई?"
नाही, म्हटलं.
"ओळी रकान्याबाहेर गेल्यात."
हो.
ते तिसऱ्यांदा शिंकले आणि
घाईघाईनं बरोबरची खूण करून पान उलटलं.

पुढे त्यांना काही अडलं नाही.
बाकीच्या अठरा रकान्यांत
यादीतलीच वाक्यं आहेत.